शिकलेल्या बायकांचं मंडळ: बॉस्टन, वॉशिंग्टन आणि आमच्या गावचा पुस्तक सेल

कैरीचं_लोणचं

नमस्कार मंडळी, दोन-तीन वर्षं इथे नुसती वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही बॉस्टनच्या पश्चिमेला एका छोट्या गावात राहतो. एकदा चर्चच्या बाहेर जुन्या पुस्तकांच्या सेलची पाटी दिसली म्हणून आत शिरले. तळघरात नुसती टेबलंच टेबलं, केळ्यांच्या खोक्यांमध्ये उभी लावलेली पुस्तकं, आणि गल्ल्यावर तीन आज्या. शेवटचा दिवस होता म्हणून पिशवीवर भाव, पुस्तकावर नाही, कागदी पिशवीत मावेल तेवढं घ्या. मी अर्थातच पिशवी फाटेपर्यंत भरली. त्यातल्या एका आजीने विचारलं कॉलेज कुठलं, मी म्हटलं पुण्याचं, तुम्हाला नाही कळणार. ती म्हणाली डिग्री आहे ना, मग हा फॉर्म भर. अशी मी अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी विमेनच्या, म्हणजे एएयूडब्ल्यूच्या, गावशाखेची मेंबर झाले. सेलच्या पैशातून गावातल्या मुलींना कॉलेजसाठी स्कॉलरशिप देतात, एवढंच तेव्हा माहीत होतं.

यंदा संस्थेचं कपाट आवरायचं काम माझ्याकडे आलं कारण मी सगळ्यात तरुण (वय ४६, हसू नका). तर त्यात टाइप केलेली मेंबरांची जुनी यादी सापडली. प्रत्येक ओळीला मिसेस आणि पुढे नवऱ्याचं अख्खं नाव, बाईचं स्वतःचं नाव कुठेच नाही, पण शेवटी कंसात तिचं कॉलेज आणि साल. म्हणजे मिसेस अमुक तमुक (वेलस्ली १९३१). नाव नवऱ्याचं, डिग्री हिची. मी ते पान हातात धरून बराच वेळ तिथेच खाली बसून राहिले.

मग वाचत सुटले. सुरुवात आमच्या बॉस्टनचीच निघाली. २८ नोव्हेंबर १८८१ ला एमआयटीत १७ बायका जमल्या, आठ कॉलेजांच्या मिळून. बोलावणाऱ्या दोघी. एक मॅरियन टॅलबट, बॉस्टन युनिव्हर्सिटीची नुकतीच पदवीधर झालेली मुलगी, शिक्षण झालं आता पुढे काय, बोलायला आपल्यासारखं कोणी नाही, असं झालेली. दुसरी एलन स्वॅलो रिचर्ड्स, एमआयटीत शिकलेली पहिली बाई, केमिस्ट. हिला एमआयटीने फी न घेता प्रवेश दिला होता. हिला वाटलं गरीब म्हणून माफ केली, नंतर कळलं की कोणी ओरडा केलाच तर ती आमची विद्यार्थिनी नाहीच असं म्हणता यावं म्हणून!! आणि ती लॅबमध्ये सुई, दोरा, टाचण्या, कात्री जवळ ठेवायची, प्रोफेसरांचे कागद शिवून द्यायची, कुणाचं बोट कापलं तर पट्टी बांधायची, म्हणजे हिचं तिथे असणं त्यांना खुपू नये. स्वतःच्या पत्रात लिहिलंय तिने हे.

जानेवारी १८८२ मध्ये रीतसर संस्था झाली, असोसिएशन ऑफ कॉलेजिएट अलम्नी. पुढे शिकागोकडची आणि दक्षिणेकडची अशा संस्था तिच्यात मिसळून १९२१ ला आत्ताचं नाव आलं. कोणाला अजून माहीत असेल तर लिहा, सेलच्या वेळी एक छोटा बोर्ड करून लावायचा विचार आहे.

निवांत_नाना

छान लिहिलंय. पण एक शंका, राग मानू नका. हे म्हणजे चहा, सँडविच आणि गप्पा असंच ना शेवटी? आमच्या इथेही सुशिक्षित भगिनींची मंडळं होती, हळदीकुंकू आणि पाककृती स्पर्धा. नुसतं डिग्री आहे म्हणून एकत्र येऊन करायचं काय?

मिरजेचा_तंबोरा

नाना, त्यांनी पहिल्यांदा जे मोठं काम केलं ते ऐकलंत तर सँडविच विसराल.

१८७३ मध्ये हार्वर्डच्या मेडिकल स्कूलमध्ये शिकवून झालेले डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी एक पुस्तक लिहिलं. मुद्दा असा की मुलींनी मुलांसारखा अभ्यास केला तर रक्त सगळं डोक्याकडे जातं आणि गर्भाशय, बीजकोश वगैरे सुकतात. पुरावा म्हणजे त्यांच्याकडे आलेल्या मोजक्या आजारी पोरी. पण पुस्तक तुफान खपलं, आवृत्त्यांवर आवृत्त्या, आणि घराघरात बाप मुलीला सांगायला लागला की बाई तू नकोच जाऊस. आपल्याकडे शिकलेल्या बाईचा नवरा मरतो म्हणायचे, तिकडे ती स्वतःच मरते म्हणाले, एवढाच फरक.

या बायकांनी काय केलं, निषेधाचं पत्रक नाही काढलं. प्रश्नावली काढली! पदवीधर बायकांना छापील प्रश्न पाठवले, तब्येत कशी, कॉलेजात जाण्याआधी कशी होती, नंतर कशी, आईबापांची कशी, मुलंबाळं किती. ७०५ जणींची उत्तरं आली. आणि हुशारी बघा, आकडेमोड स्वतः नाही केली, मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी कामगार आकडेवारी खात्याकडून करून घेतली, १८८५ ला अहवाल त्या खात्याने छापला. म्हणजे बायकांनी स्वतःच्याच बाजूने लिहिलं असं म्हणायची सोयच नाही. तीन चतुर्थांशाहून जास्त जणींची तब्येत ठणठणीत निघाली.

मी स्वतः स्टॅटिस्टिक्स शिकवायचो, आजच्या नजरेने त्यात खोट काढता येईल (ज्या आजारी त्या उत्तर कशाला देतील वगैरे), पण क्लार्कसाहेबांच्या मूठभर पेशंटांसमोर ७०५ म्हणजे काय!

निवांत_नाना

तंबोरासाहेब, शब्द मागे. सँडविचसकट.

शुद्धमती_पुणे

लोणचंताई, तुमचा धागा वाचून मला माझी आजी आठवली. आमची आजी जी.ए. होती. नव्या पिढीला माहीत नसेल, जी.ए. म्हणजे गृहीतागमा, अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ ला महिला विद्यापीठ काढलं त्याची पदवी. बी.ए.च्या जागी जी.ए. आणि एम.ए.च्या जागी पी.ए., प्रदेयागमा. शिकवणं सगळं मराठीतून. पण सरकारमान्यता कुठे होती त्याला, ती कायद्याने मिळाली १९४९ ला, अमलात यायला ५१ उजाडलं. तोवर ३०-३५ वर्षं या बायका शिकत होत्या आणि लोक म्हणत होते की ही काही खरी डिग्री नव्हे.

आजीला तर तिच्याच जावेने, जी मुंबई युनिव्हर्सिटीची बी.ए. होती, एकदा भर पंगतीत ऐकवलं होतं, "तुमचं आपलं घरगुती बी.ए." आजी काही बोलली नाही, वाढत राहिली. पण जावेच्या पानात त्यानंतर कधी तिने हाताने तूप वाढलं नाही, भांडं पुढे सरकवायची. आम्ही मुलं मोजायचो :)

तर माझा प्रश्न असा, की या अमेरिकन मंडळात कुठलीही डिग्री चालायची का? आजीची चालली असती का?

कैरीचं_लोणचं

शुद्धमतीताई, तूप!!! काय आठवण आहे.

नाही, कुठलीही नव्हती चालत. पहिली आठ कॉलेजं ठरलेली, बॉस्टन युनिव्हर्सिटी, कॉर्नेल, मिशिगन, ओबर्लिन, स्मिथ, व्हॅसार, वेलस्ली आणि विस्कॉन्सिन. बाकीच्यांनी अर्ज करायचा, मग समिती बघणार. आणि नुसता अभ्यासक्रम नाही बघायच्या, मुलींना राहायची सोय काय, प्राध्यापकांत बायका आहेत का, हेही बघायच्या. एका अर्थी ग्रेट आहे, कारण यादीत यायचं म्हणून कॉलेजांना सुधारावं लागलं. पण दुसऱ्या अर्थी तुमच्या आजीची जाऊच झाली की ती यादी.

आनंदीबाई जोशींचं पण डोक्यात आलं लगेच. त्या १८८६ ला फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या, म्हणजे अगदी याच काळात. पण त्यांचं कॉलेज त्या आठात नव्हतं.

घारापुरीकर

थोडं अवांतर, पण बॉस्टनचा विषय निघालाच आहे म्हणून. आनंदीबाईंच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या, मार्च १८८६. मग त्या अमेरिकेतच राहून गावोगाव भाषणं देत फिरल्या आणि १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झालं, दहा वर्षं पैसे द्यायच्या बोलीवर. त्या पैशांवर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. त्याची पहिली विधवा विद्यार्थिनी कोण, तर गोदूबाई. पुढच्या बाया कर्वे! अण्णासाहेबांशी त्यांचा पुनर्विवाह १८९३ चा. आणि अण्णासाहेबांनी काढलं महिला विद्यापीठ, आणि त्यात शिकली शुद्धमतीताईंची आजी.

म्हणजे बॉस्टनच्या बायकांच्या वर्गणीतून फिरत फिरत तुपाच्या भांड्यापर्यंत. (हे दुसरं मंडळ होतं हो, पदवीधरांचं नव्हे, गोंधळ नको. गाव एक आणि दशक एक.)

शुद्धमती_पुणे

घारापुरीकर, अंगावर काटा आला. आईला फोन करून वाचून दाखवलं.

मिरजेचा_तंबोरा

लोणचंताईंनी यादीत ओबर्लिन लिहिलं, ते लक्षात ठेवा मंडळी. आता मी वॉशिंग्टनच्या शाखेची गोष्ट सांगतो, लांब आहे, चहा घेऊन बसा.

ओबर्लिन हे ओहायोतलं कॉलेज, काळ्या विद्यार्थ्यांना १८३५ पासून घेणारं, आणि बायकांनाही अगदी सुरुवातीपासून. तिथून १८८४ ला पदवी घेतली मेरी चर्च टेरेल यांनी. वडील गुलामीत जन्मलेले, पुढे मेम्फिसमध्ये बक्कळ पैसा कमावला. मुलीने बायकांसाठीचा सोपा कोर्स सोडून पुरुषांचा चार वर्षांचा घेतला, ग्रीकसकट. पुढे एम.ए. १९०४ मध्ये बर्लिनला बायकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत भाषण केलं ते सरळ जर्मनमध्ये. वॉशिंग्टनच्या शाळा मंडळावर होत्या, काळ्या बायकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पहिल्या अध्यक्ष होत्या. म्हणजे बायोडाटा असा की समोरच्याने खुर्ची सोडून उभं राहावं.

या बाई एकेकाळी या मंडळाच्या मेंबर होत्याही, मग मेंबरशिप राहून गेली. १९४६ ला, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्यांनी वॉशिंग्टन शाखेत परत अर्ज केला. शाखेने नाकारला. कारण उघड होतं. शाखेचं तिथे स्वतःचं क्लबहाऊस होतं, जेवणखाण, राहणं, आणि वॉशिंग्टन तेव्हा असं शहर की काळ्या माणसाला भर गावात बसून साधं जेवता यायचं नाही. लायब्ररीत शेजारी बसतील एक वेळ, पण जेवणाच्या टेबलावर नको.

वरच्या राष्ट्रीय कार्यकारिणीने सांगितलं की आपल्या घटनेत एकच अट आहे, मान्य कॉलेजची डिग्री, आणि ओबर्लिन तर पहिल्या आठातलं! घ्या नाहीतर संस्थेतून बाहेर पडा. शाखा कोर्टात गेली. आणि जिंकली.

अर्धवट_वकील

मध्येच घुसतो. शाखा कोर्टात जिंकली त्याचं मला नवल नाही वाटत. शाखा वेगळी नोंदलेली संस्था, मेंबर कोण घ्यायचा ते तिच्या घटनेप्रमाणे तीच ठरवणार, आणि वरच्या घटनेत शाखेला हाकलायचा अधिकार स्पष्ट लिहिलेला नसेल तर कोर्ट काय करणार. आपल्याकडे महाराष्ट्र मंडळांच्या भांडणात हेच होतं, नैतिक बाजू एकाची आणि घटनेतलं कलम दुसऱ्याचं. शाखेला वाईट म्हणा, बेकायदेशीर म्हणू नका.

लंडनची_पोर

वकीलकाका, सॉरी, पण "वाईट म्हणा बेकायदेशीर म्हणू नका" हे ८३ वर्षांच्या बाईंना सांगून बघा ना. वर्षानुवर्षं तुम्ही मुलींना सांगता शिका, शिकलात की दार उघडेल, आणि ही बाई ग्रीक शिकून आली तर म्हणे दार वेगळ्या किल्लीचं आहे.

अर्धवट_वकील

पोरी, मी शाखेची बाजू घेत नाहीये गं. एवढंच म्हणतोय की कलम बदलायला हवं होतं, कोर्टात जाऊन नव्हतं भागणार.

मिरजेचा_तंबोरा

वकीलसाहेब, अगदी तेच झालं पुढे. खालच्या कोर्टाचा निकाल १९४८ चा, १९४९ ला अपिलातही शाखाच जिंकली. पण त्याच वर्षी सिॲटलला देशभरच्या प्रतिनिधींचं अधिवेशन भरलं आणि तिथे प्रचंड बहुमताने घटनाच बदलली, की मान्य कॉलेजची पदवी सोडून दुसरं काहीही मेंबरशिपसाठी बघायचं नाही. कोर्टाने कलम दाखवलं, यांनी कलम बदललं.

मग वॉशिंग्टनची जुनी शाखा बाहेर पडली आणि आपला वेगळा युनिव्हर्सिटी विमेन्स क्लब करून बसली. तिथे नवी शाखा झाली, टेरेलबाई तिच्या मेंबर झाल्या. मंडळ फुटणं काय असतं ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

पण मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढची आहे. जेवणाच्या टेबलावरून नाकारलं ना, मग बाई जेवणाच्या टेबलाच्याच मागे लागल्या. कोणीतरी शोधून काढलं होतं की वॉशिंग्टनमध्ये १८७२-७३ चे कायदे आहेत, हॉटेलात रंगावरून कुणाला नाकारता येणार नाही असे, कुणी रद्द न केलेले, नुसते विसरलेले. १९५० च्या सुरुवातीला टेरेलबाई तिघाजणांना घेऊन थॉम्पसन नावाच्या रेस्टॉरंटमध्ये गेल्या, तिथे सेल्फ सर्व्हिस, हातात ट्रे घेऊन रांगेत. नाकारलं. केस केली. १९५३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं कायदे जिवंत आहेत. बाई तेव्हा ८९ वर्षांच्या. पुढच्याच वर्षी गेल्या, शाळांमधला वर्णभेद बेकायदेशीर ठरवणारा निकाल आला त्यानंतर दोन महिन्यांनी.

निवांत_नाना

ट्रे घेऊन रांगेत, वय ८६. आमचे गुडघे ७० ला गेले.

लंडनची_पोर

ही गोष्ट अशी सांगतात की जणू टेरेलबाई एकट्याच दारात उभ्या होत्या. तसं नाहीये. १९१० लाच वॉशिंग्टनमधल्या काळ्या पदवीधर बायकांनी आपला कॉलेज अलम्नी क्लब काढला होता आणि पहिल्या अध्यक्ष याच टेरेलबाई. १९२० च्या दशकात तो देशभर पसरला, नॅशनल असोसिएशन ऑफ कॉलेज विमेन, पहिली अध्यक्ष लूसी स्लो, हॉवर्ड युनिव्हर्सिटीत मुलींची डीन, आणि टेनिस चॅम्पियन पण! ती संस्था अजून आहे. म्हणजे एका गावात पदवीधर बायकांची दोन मंडळं, तीन तपं शेजारी शेजारी, आणि १९४६ चा अर्ज म्हणजे "मला कोणी मैत्रिणी नाहीत, घ्या हो" असा नव्हताच, तो मुद्दाम केलेला अर्ज होता.

आणि इकडची एक गोष्ट. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी इंग्लंडहून दोन प्राध्यापिका अमेरिकेच्या दौऱ्यावर गेल्या, कॅरोलाइन स्पर्जन आणि रोझ सिजविक. तिथे बार्नर्ड कॉलेजच्या व्हर्जिनिया गिल्डरस्लीव्हशी गप्पा मारताना कल्पना निघाली की जगभरच्या पदवीधर बायकांचं एक मंडळ हवं, म्हणजे परत युद्ध नको. रोझ त्या दौऱ्यातच न्यूयॉर्कला फ्लूच्या साथीत गेली, डिसेंबर १९१८. बाकीच्यांनी १९१९ ला संस्था काढली. लंडनला चेल्सीत क्रॉसबी हॉल म्हणून पंधराव्या शतकातला हॉल आहे, मूळचा बिशप्सगेटचा, तिथून दगड न् दगड सोडवून इकडे आणून उभारलेला, तिथे १९२७ पासून परदेशी संशोधक बायकांसाठी वसतिगृह होतं. आता खासगी मालकीचा आहे, बाहेरून बघून यायचं.

शुद्धमती_पुणे

सगळ्यांनी किती छान लिहिलंय. लोणचंताई, बोर्डावर हे वॉशिंग्टनचं लिहिणार का? तिथल्या आज्यांना राग येईल का?

कैरीचं_लोणचं

काल मीटिंग होती (हो नाना, सँडविच होती. काकडीची). मी बोर्डाचा कच्चा मजकूर वाचून दाखवला. मादाम क्युरींना १९२१ ला १ ग्रॅम रेडियम भेट दिलं त्याच्या वर्गणीत आपल्या बायका होत्या इथपर्यंत सगळ्या खूश. वॉशिंग्टन आलं तसं जरा शांत झालं. एकीने म्हटलं सेलला लहान मुलं येतात, हे कशाला. तेव्हा आमची ९१ वर्षांची मेंबर, तिला ऐकू कमी येतं म्हणून आम्हाला वाटलं तिने ऐकलंच नसेल, ती म्हणाली की लहान मुलांना वाचता येतं म्हणून तर पुस्तकं विकतोय ना आपण. विषय संपला. मजकूर राहिला.

मग डिग्रीची अट हवी की नको यावर गाडी घसरली. हा वाद या संस्थेत वर्षानुवर्षं चालला, मतदानंही झाली त्यावर. १९८७ ला पुरुषांना घेतलं पण तेव्हाही डिग्री नसलेल्या बाईला नाही, हे मला तरी पटत नाही. मी शुद्धमतीताईंच्या आजीचं सांगितलं, तुपासकट. तूप म्हणजे काय ते समजावण्यात दहा मिनिटं गेली. शेवटी एक म्हणाली, म्हणजे ग्रेव्ही वाढायची नाही, तसं. म्हटलं हो, तसंच काहीसं.

आणि ती जुनी यादी. ९१ वाल्या आजीला दाखवली, तिची तिसऱ्या पानावर निघाली, मिसेस आणि नवऱ्याचं नाव. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. तिने माझ्याकडून पेन मागितलं, नवऱ्याचं नाव काही खोडलं नाही, वरच्या रिकाम्या जागेत बारीक अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं, मग चष्मा पुसून कंसातलं साल नीट वाचलं आणि म्हणाली, हे चुकलंय, मी एक वर्ष आधी पास झाले. तेही दुरुस्त केलं.

सेल पुढच्या शनिवारी आहे. बॉस्टनच्या आसपास कोणी असेल आणि केळ्यांचे रिकामे खोके मिळत असतील तर प्लीज मेसेज करा, झाकणासकट हवेत, निदान ४० लागतील. सफरचंदांचे नकोत, तळ फाटतो.